कोहोलिंट बेटावर पहिल्यांदा उतरताना: ‘लिंक्स अवेकनिंग’ कसा खेळायचा

‘झेल्डा खेळायचंय, पण सुरुवात कुठून करू?’ असं कुणी विचारलं की मी एकच नाव सांगते: ‘लिंक्स अवेकनिंग’. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ही निन्टेंडोची मालिका 1986 पासून चालू आहे. इतके भाग आले म्हटल्यावर नव्या माणसाला दडपण येणारच. आधीचे सगळे खेळावे लागतील का? मधूनच घुसलो तर गोष्ट कळेल का? या भागापुरतं तरी निर्धास्त राहा. राजकन्या झेल्डा यात येतच नाही, नेहमीचं हायरूल राज्यही नाही, आधीच्या भागांतलं काही आठवावं लागत नाही. लिंक नावाचा मुलगा समुद्रात वादळात सापडतो आणि कोहोलिंट नावाच्या बेटावर वाहत येतो. मरिन नावाची मुलगी त्याला किनाऱ्यावरून घरी आणते. बेटावरच्या सगळ्यात उंच डोंगरावर एक प्रचंड अंडं आहे, त्यात विंड फिश नावाचा एक अजब जीव झोपलाय. तो जागा झाल्याशिवाय लिंकला बेट सोडता येणार नाही, आणि त्याला जागं करायला आठ वाद्यं लागतात. एवढं कळलं की खेळायला बसा.

मूळ गेम 1993 साली गेम बॉय या निन्टेंडोच्या हातात धरायच्या जुन्या यंत्रावर आला. निन्टेंडोतल्या काही जणांनी कामाची वेळ संपल्यावर हौस म्हणून तो करायला घेतला होता, आणि ती हौस अजूनही जागोजागी दिसते. मारिओच्या दुनियेतले गूम्बा इथल्या तळघरांत फिरतात, गावातल्या खेळाच्या दुकानात योशीची बाहुली ठेवलेली असते. 1998 मध्ये त्याची रंगीत आवृत्ती आली आणि 20 सप्टेंबर 2019 ला निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलसाठी, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रासाठी, तो पूर्ण नव्याने बांधला गेला. याच दिवशी स्विच लाइट हा छोटा, फक्त हातात धरून खेळायचा कन्सोलही बाजारात आला. नवख्यांनी ही 2019 ची आवृत्तीच घ्यावी. मूळ गेम बॉयवर कामाची दोनच बटणं होती, त्यामुळे उडी मारायची तर ढाल काढून ठेवा, दगड उचलायचा तर तलवार काढून ठेवा, असं सतत मेनू उघडून करावं लागायचं. नव्यात तलवार, ढाल, धावणं आणि उचलणं यांना आपापली बटणं आहेत.

घेताना काय बघायचं

मुंबईत बहुतेक जण लॅमिंग्टन रोड, हाजीअलीचं हिरा पन्ना किंवा इर्ल्याला जाऊन कन्सोल घेतात. माल बाहेरून आलेला असतो, त्यामुळे वॉरंटी म्हणजे दुकानदाराने बिलावर लिहून दिलेली तेवढीच. तोंडी शब्दावर राहू नका. कार्ट्रिजला, म्हणजे गेमच्या छोट्या कार्डाला, देशाचं बंधन नाही. जपानमधलं, युरोपातलं, कुठलंही चालतं आणि भाषा इंग्रजी ठेवता येते. मराठी किंवा हिंदी नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन देत असाल तर सुरुवातीला शेजारी बसून वाचून दाखवावं लागेल, कारण या गेममध्ये पात्रं बोलत नाहीत, सगळं लिहून येतं. एका दृष्टीने ते बरंच आहे, तुम्ही बटण दाबेपर्यंत वाक्य पुढे सरकत नाही.

चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतो, पण अमेरिकन किंवा जपानी चार्जरच्या पिना चपट्या असतात. तेव्हा चांगल्या प्रतीचा अ‍ॅडॉप्टर सोबत घ्या.

जुना कन्सोल घेणार असाल तर दुकानातच सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांड्या, तपासा. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये स्टिक कॅलिब्रेट करायची सोय असते. तिथे स्टिक सोडल्यावर खूण मधोमध स्थिर राहायला हवी. ती आपोआप एका बाजूला सरकत असेल तर तो पीस परत द्या. हे मी आग्रहाने सांगते, कारण ‘लिंक्स अवेकनिंग’मध्ये लिंकला फक्त डाव्या स्टिकनेच चालवता येतं, खालच्या बाणांच्या बटणांनी नाही. आणि स्विच लाइटची स्टिक सुटी निघत नाही, म्हणजे दुरुस्तीला अख्खा कन्सोल उघडावा लागतो. आधीच्या मालकाचं खातं काढून टाकून कन्सोल नव्यासारखा रिकामा केलाय ना, तेही समोरच बघा.

कार्ट्रिज नखाएवढं असतं. लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून त्याला मुद्दाम कडू लेप दिलेला असतो. तरी ते डबीत ठेवायची सवय लावा.

लोकलमध्ये खेळत असाल तर

स्विच लाइटची बॅटरी गेमनुसार तीन ते सात तास पुरते, म्हणजे डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन-येऊन आरामात. वरचं बटण दाबलं की कन्सोल झोपतो आणि पुन्हा दाबलं की जिथे होतात तिथूनच पुढे. ऐन बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, मारामारीत दादर आलं तरी काही बिघडत नाही. गेम अधूनमधून आपोआप सेव्हही होतो, पण डंजनमध्ये, म्हणजे कोड्यांनी आणि शत्रूंनी भरलेल्या तळघरात, कोडं सुटल्यावर एकदा हाताने सेव्ह केलेलं चांगलं.

बसायला जागा मिळाली तरच बाहेर काढा. दारात उभं राहून तर अजिबात नको. हातावर फटका मारून वस्तू पाडणारी फटका गँग मोबाइल आणि कन्सोल यांत भेदभाव करत नाही, आणि हातातली वस्तू वाचवायला माणूस नकळत पुढे झुकतो. वस्तू गेली तर जाऊ दे, तोल जाऊ नये. पावसाळ्यात झिपलॉकची पिशवी बॅगेत असू द्या. इअरफोन मात्र लावाच. लाइटला साधी 3.5 मिमीची जागा आहे, त्यामुळे घरातला जुना इअरफोनही चालतो. या गेममध्ये आवाजाचा खरोखर उपयोग होतो, तो कसा ते पुढे येईलच.

बाहेर मोकळ्यावर फिरताना चित्र क्षणभर अडखळल्यासारखं वाटलं तर घाबरू नका. ती या आवृत्तीची सवय आहे, तुमच्या कन्सोलचा दोष नाही.

पहिला तास: ढाल, तलवार आणि रॅकून

सुरुवातीला साधा मोड निवडा. हीरो मोडमध्ये मार दुप्पट बसतो आणि वाटेत हृदयं, म्हणजे जीव भरून काढणारी चित्रं, पडत नाहीत. तो दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

मरिनच्या घरी जाग आली की तिचे वडील टारिन तुम्हाला ढाल देतात. घराबाहेर पडून लगेच पळत सुटू नका. माबे नावाचं हे गाव आधी नीट फिरा. प्रत्येक घरात शिरा, प्रत्येकाशी बोला. मला या गेमबद्दल एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर हीच सांगितली असती: या बेटावर पुढे काय करायचं ते माणसं सांगतात. अंगणात चेंडू खेळणारी पोरंही बटणं कशी वापरायची ते सांगून जातात. व्हिडिओ बघून चालणाऱ्याला गेम लवकर संपवता येतो, पण बेट भेटत नाही.

तलवार दक्षिणेच्या किनाऱ्यावर आहे. वाटेत काटेरी समुद्री साळिंदरासारखे गोळे आडवे येतात आणि हात लागला की हृदय कमी होतं. आर बटण दाबून ढाल पुढे धरा आणि तशीच चालत राहा, ते ढकलले जातात. गेम तुम्हाला शिकवतोय की ढाल म्हणजे नुसता बचाव नाही, तिने रस्ता करता येतो. हा धडा पुढे कामाला येतो.

तलवार हातात आली की घुबड येतं आणि उत्तरेच्या जंगलात जायला सांगतं. तिथे एक रॅकून वाट अडवून बसलेला असतो. त्याच्याजवळून गेलात की फिरून भलत्याच ठिकाणी बाहेर पडता. तलवारीने तो हलत नाही. इथे पुष्कळ जण चिडून गेम बंद करतात. खरं तर उत्तर त्याच जंगलात आहे. गुहेतले दगड ढकलत पलीकडे गेलं की एक अळंबी मिळते. ती जंगलाच्या पूर्वेला राहणाऱ्या चेटकिणीकडे न्या, ती तिची जादूची पूड करून देते. पूड एक्स किंवा वाय बटणावर लावा, रॅकूनसमोर उभे राहा आणि टाका. तो झाडाझाडांवर आपटत भिरभिरतो आणि शेवटी समोर कोण उभं राहतं ते तुम्हीच बघा. वाट मोकळी झाली की पुढच्या पेटीत टेल केव्हची चावी आहे.

उरलेली पूड जपून ठेवा. तिने विझलेल्या मशाली पेटतात.

पहिलं डंजन

टेल केव्ह माबेच्या दक्षिणेला आहे. आठही डंजनची रीत एकच, म्हणून इथे जरा थांबून समजून घ्या. प्रत्येकात एक नकाशा, एक होकायंत्र, एक दगडी चोच, काही छोट्या चाव्या, बॉसच्या खोलीची एक मोठी चावी आणि एक नवी वस्तू असते. होकायंत्र मिळाल्यावर ज्या खोलीत चावी लपलेली आहे तिथे शिरताच टुणकन एक सूर वाजतो. इअरफोन लावा म्हटलं ते यासाठी. दगडी चोच घुबडाच्या पुतळ्याला लावली की तो त्या डंजनमधल्या कोड्याबद्दल काहीतरी सांगतो.

खोलीत सगळे शत्रू मारल्यावरही दार उघडलं नाही, तर भिंतींकडे बघा, एखादा दगड ढकलून बघा. पाठीवर काटे असलेले किडे अंगावर येतील, त्यांच्यासमोर ढाल धरली की ते उलटे पडतात, मग तलवार. किनाऱ्यावरचा धडा तो हाच.

इथली नवी वस्तू म्हणजे रॉक पक्ष्याचं पीस, त्याने उडी मारता येते. मधला छोटा बॉस काटेरी रूळ लोटत अंगावर येतो, रुळावरून उडी मारा आणि मग त्याला गाठा. तो मेला की तिथून थेट दाराशी जाण्याची सोय होते, त्यामुळे हृदयं संपत आली असतील तर बाहेर जाऊन गवत कापा आणि परत या. शेवटचा बॉस मोल्डॉर्म हा लांबलचक किडा आहे. मार फक्त शेपटीच्या टोकाला बसतो. मधल्या अंगाला तलवार लागली तर तुम्हीच मागे फेकले जाता, आणि कडेवरून खाली पडलात की तो पुन्हा ताजातवाना. म्हणून मधोमध उभे राहा, तो वळेपर्यंत दम धरा. चिडला की तो वेग वाढवतो, तेव्हा मारण्यापेक्षा उड्या मारून चुकवण्याकडे लक्ष द्या.

पहिलं वाद्य, फुल मून चेलो, आणि एक अख्खं हृदय मिळालं की मग हातात थोडा आत्मविश्वास येतो.

अडलात तर

बेटावर जागोजागी टेलिफोनची बूथ आहेत. आत जाऊन फोन केला की उलरिरा आजोबा पुढे काय करायचं त्याचा इशारा देतात. हेच आजोबा माबेत घरी भेटलात तर लाजून धड बोलत नाहीत, फोनवर मात्र मोकळे होतात. आधी त्यांना विचारा. नकाशावर महत्त्वाची संभाषणं साठवलेली असतात, तीही पुन्हा वाचता येतात. चार दिवस खेळ बंद पडला असेल तर याचा फार आधार वाटतो. आणि ‘इथे नंतर यायचं’ असं वाटेल तिथे नकाशावर पिन लावा. न उचलता येणारे दगड, ओलांडता न येणारे खड्डे, खोल पाणी, सगळ्यावर पिन. नवी वस्तू मिळाली की त्या पिना बघत फिरा.

दुसऱ्या डंजनचा, बॉटल ग्रोटोचा, एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण तिथे बहुतेक सगळे अडतात. एका खोलीत एक ससा, एक वटवाघूळ आणि एक सांगाडा असतो. तिघांना मारलं तरी पेटी येत नाही. माझी भाची तिथेच अडली होती.

‘मावशी, हा ससा तलवारीने मरतच नाही गं.’

‘मग तलवारीने मारू नकोस. मनगटात काय घातलंयस आत्ताच?’

‘पॉवर ब्रेसलेट... म्हणजे मडकं उचलू?’

‘उचल आणि फेक त्याच्यावर. पण घुबडाचा पुतळा काय म्हणाला होता?’

तिने परत जाऊन वाचलं: आधी कोंडलेला ससा, शेवटी सांगाडा. म्हणजे वटवाघूळ मधे. तो क्रम पाळला आणि पेटी पडली. मी तिला क्रम सांगितला असता तर पुढच्या डंजनमध्ये तिने पुतळे वाचलेच नसते. आता ती खोलीत शिरल्यावर आधी घुबड शोधते.

त्या डंजनपर्यंत जायचं तर आधी बाऊवाऊ नावाच्या साखळीतल्या पाळीव प्राण्याला मोब्लिन नावाच्या राक्षसांच्या गुहेतून सोडवून आणावं लागतं. दलदलीतली फुलं तलवारीने कापली जात नाहीत, बाऊवाऊ ती खाऊन टाकतो. त्याला लगेच मालकिणीकडे परत देऊ नका, आधी डंजन उघडून घ्या.

पैसे आणि देवाणघेवाण

बेटावरचं चलन रुपी आहे. हिरवा म्हणजे 1, निळा 5, लाल 20. गवत कापत राहिलं की येत राहतात. माबेतल्या दुकानात पहिली खरेदी फावड्याची करा, ते 200 रुपीला मिळतं. तिसऱ्या डंजनची चावी जमिनीत पुरलेली आहे आणि फावड्याशिवाय ती निघत नाही. नंतर तिथेच धनुष्य मिळतं, 980 रुपीचं. महाग आहे, पण घ्याच.

दुकानदाराची पाठ वळली की वस्तू उचलून पळता येतं. करू नका. पुढे सगळा गेम लोक तुम्हाला चोर म्हणून हाक मारतात, आणि पुन्हा त्या दुकानात पाय ठेवलात की तो तुम्हाला मारून टाकतो. एकदाही न मरता गेम संपवला तर शेवटी थोडं जास्तीचं बघायला मिळतं, तीही संधी जाते.

दुकानाशिवाय गावात क्रेनने वस्तू उचलायचा खेळ आहे, एका खेळाचे 10 रुपी. तिथली योशीची बाहुली पहिल्याच दिवशी मिळवा. क्रेनकडे न बघता खाली पडलेल्या तिच्या सावलीकडे बघा आणि बाहुलीच्या बरोबर मध्यावर आणा. कडेला पकडली तर वर जाताना निसटते. ही बाहुली म्हणजे एका लांब साखळीची सुरुवात आहे. गावातल्या लेकुरवाळ्या आईला ती दिली की ती रिबिन देते. रिबिन बाऊवाऊच्या शेजारी राहणाऱ्या छोट्या चाओचाओला, तिच्याकडून डॉग फूड. ते किनाऱ्यावरच्या मगरीला, मगरीकडून केळी. आणि ही केळी हवीतच, कारण तिसऱ्या डंजनच्या आधी कानालेट किल्ल्यात शिरायला माकडांनी पूल बांधावा लागतो आणि माकडं केळ्यांशिवाय काम करत नाहीत. किल्ल्यात पाच सोनेरी पानं गोळा करून किल्ल्याच्या मालकाला, रिचर्डला, दिली की त्या पुरलेल्या चावीचा पत्ता लागतो. साखळी पुढे बरीच लांब जाते आणि शेवटी एक भिंग हाती येतं. ते का लागतं ते शेवटी सांगते.

बेटावर लपवलेले शिंपले आणि हृदयाचे तुकडे यांच्या मागे सुरुवातीला लागू नका. हृदयाचे चार तुकडे मिळून एक हृदय होतं, एवढं लक्षात असू द्या. शिंपले एकूण 50 आहेत. 15 झाले की शिंपला जवळ असल्यावर वाजणारं यंत्र मिळतं आणि 40 ला जास्त ताकदीची तलवार. डॅम्पेच्या झोपडीत स्वतःचं डंजन रचायची सोय आहे, मुलांना आवडते, मला तिचं फार वाटलं नाही.

पुढची वाट, थोडक्यात

तिसऱ्या डंजनमध्ये धावायचे बूट मिळतात. ते मिळाले की लगेच माबेत परत या आणि ड्रीम श्राइनमधून ओकारिना हे फुंकून वाजवायचं वाद्य घ्या. त्याच्या दाराशी असलेला दगड ब्रेसलेटने उचलता येतो आणि आतला अडथळा बुटांनी फुटतो. ओकारिना घेऊन मरिनकडे जा, ती तुम्हाला तिचं गाणं शिकवते. चौथ्यापूर्वी तिला वाट अडवून झोपलेल्या वॉलरसकडे घेऊन जावं लागतं. त्या वेळी तिच्यासोबत थोडं रेंगाळा. गावातून जा, कोंबड्यांजवळ जा, किनाऱ्यावर बसा, प्रत्येक ठिकाणी ती वेगळं काही बोलते. गेमचा हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, आणि घाई केली तर तो पाच मिनिटांत निसटून जातो.

चौथ्यात पोहता येतं, पाचव्यात हूकशॉट हा साखळीचा आकडा, सहाव्यात जड पुतळे उचलण्याची ताकद. सातव्याला जाण्याआधी एका उडणाऱ्या कोंबड्याला जिवंत करावं लागतं आणि त्याचं गाणं मामू नावाच्या बेडकाकडून 300 रुपीला शिकावं लागतं, तेवढे पैसे राखून ठेवा. आठवं डंजन, टर्टल रॉक, लांबलचक आहे. तिथे जाण्याआधी क्रेझी ट्रेसीकडून औषध घ्या. हृदयं संपली तरी ते एकदा वाचवतं.

आठही वाद्यं झाली की डोंगरावरच्या अंड्यासमोर मरिनचं गाणं वाजवा. आत भूलभुलैया आहे. डावीकडे, उजवीकडे की सरळ, हे माबेच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात लिहिलेलं आहे, पण अक्षरं इतकी बारीक की भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. बाहुलीपासून सुरू झालेली साखळी इथे कामाला येते. तो क्रम प्रत्येक गेममध्ये एकच नसतो, म्हणून मित्राने सांगितलेला वापरू नका. स्वतःच्या पुस्तकाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि मगच आत जा.

शेवट कुणाकडून ऐकू नका. गेम संपल्यावर सेव्ह तुम्हाला शेवटच्या लढाईच्या आधी आणून सोडतो, त्यामुळे राहिलेले शिंपले तेव्हाही गोळा करता येतात. पुढे याच धाटणीचं काही हवं असेल तर त्याच कन्सोलवर ‘एकोज ऑफ विज्डम’ घ्या. तो सप्टेंबर 2024 मध्ये आला, दिसायला पुष्कळसा असाच आहे, आणि त्यात खुद्द राजकन्या झेल्डाला घेऊन खेळायचं असतं.